पेट्रोलचे पैसे मिळाले, मग आणखी काय मागायचं?

फिरतीच्या कामावर नवीन आलेलं कुणी ना कुणी मला हे विचारतंच, आणि बहुतेक वेळा आवाज खाली घेऊन. मी अकाउंट्समध्ये आहे आणि प्रवासखर्चाचे क्लेम माझ्या टेबलावरून पुढे जातात, म्हणून प्रश्न माझ्याकडे येतो. "ऑफिसच्या कामाला स्वतःची गाडी नेली. पेट्रोलची पावती लावू की किलोमीटरप्रमाणे पैसे घेऊ? किलोमीटरने जास्त होतात हो. तेवढे घेणं बरं दिसेल का?"

बरं दिसेल. निःसंकोच घ्या. फक्त ते जास्त का होतात हे आधी समजून घ्या, कारण ते कळलं की मागताना चोरट्यासारखं वाटत नाही. आणि क्लेम कसा लिहायचा, कोणते किलोमीटर धरायचे नाहीत, हेही त्यातूनच आपोआप उलगडतं.

गाडी चालवताना डोळ्यांना दिसतो तो फक्त इंधनाचा काटा. बाकीचा खर्च त्या दिवशी दिसत नाही, पण तो होत असतोच. टायर झिजतात, ब्रेक झिजतात, ऑइल जुनं होतं, सर्व्हिसिंग महिनाभर अलीकडे येतं. इन्शुरन्सचा हप्ता तर तुम्ही वर्षाच्या सुरुवातीलाच भरलेला असतो. आणि या सगळ्यांत मोठा असतो घसारा, म्हणजे गाडी वापरून तिची किंमत उतरते तो खर्च. गाडी विकायला काढली की घेणारा आधी ओडोमीटर बघतो आणि मग किंमत बोलतो. ऑफिससाठी पळवलेले किलोमीटरही त्याच आकड्यात बसलेले असतात. तो तोटा विक्रीच्या दिवशी एकट्या मालकाच्या खिशातून जातो, तेव्हा ऑफिस कुठेच नसतं.

हे माझं मत म्हणून सांगत नाही. अमेरिकेचं आयकर खातं कामासाठी वापरलेल्या गाडीचा दर दरवर्षी जाहीर करतं. २०२५ साठी तो मैलाला ७० सेंट होता, आणि त्यातले ३३ सेंट निव्वळ घसाऱ्याचे धरलेले होते. म्हणजे जवळजवळ निम्मा पैसा इंधनाचाही नाही आणि मेकॅनिकचाही नाही, गाडी जुनी होते त्याचा आहे. इंधनाचा वाटाही त्यांनी विसरलेला नाही. २०२२ मध्ये इंधन भडकलं तेव्हा वर्षाच्या मध्येच, १ जुलैपासून, दर ५८.५ सेंटवरून ६२.५ सेंटवर नेला. ब्रिटनमधली करमुक्त दराची रचना मला अधिक बोलकी वाटते. २०११ पासूनच्या दरांप्रमाणे वर्षातल्या पहिल्या १०,००० मैलांना मैलाला ४५ पेन्स आणि त्यापुढच्या प्रत्येक मैलाला २५. पुढे दर घसरतो, कारण इन्शुरन्ससारखे ठरावीक खर्च पहिल्या मैलांतच वसूल झालेले असतात आणि पुढे उरतो तो फक्त चालवण्याचा खर्च. विजेवर चालणाऱ्या गाडीलाही तिथे हाच दर लागू आहे. रात्री घरी चार्जिंगला लावलेल्या गाडीची पावती कुठून आणणार? पेट्रोलच्या पावतीवर अडून बसणाऱ्या ऑफिसांनी याचा विचार आतापासून करायला हवा.

तेव्हा फक्त इंधनाचे पैसे घेऊन जे कर्मचारी गप्प बसतात, ते ऑफिसला आपली गाडी जवळजवळ फुकट वापरायला देत असतात. मला याचं वाईट वाटतं, कारण असं गप्प बसणारे बहुतेक वेळा सगळ्यात प्रामाणिक लोक असतात. पावती ऑफिसच्याही फारशी उपयोगाची नाही. टाकी भरल्याची पावती एवढंच सांगते की टाकी भरली. त्यातलं किती ऑफिसच्या कामात जळलं आणि किती रविवारच्या सहलीत, हे तिच्यावर कुठेही लिहिलेलं नसतं.

यानंतरचा प्रश्न ठरलेला. "मग घर ते ऑफिस का धरत नाही? तेही कामासाठीच ना?"

नाही. यावर बहुतेक ठिकाणचे नियम एकमताने नाही म्हणतात. त्यामागचा विचार १९४६ च्या एका अमेरिकन खटल्यात स्वच्छ दिसतो. फ्लॉवर्स नावाचे वकील मिसिसिपीतल्या जॅक्सनला राहायचे आणि ज्या रेल्वे कंपनीचं काम करायचे तिचं मुख्य कार्यालय अलाबामातल्या मोबीलला होतं. १९३९ आणि १९४० मधल्या या ये-जा करण्याचा आणि तिथल्या राहण्याचा खर्च त्यांनी करातून वजा मागितला. सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. जॅक्सनला राहणं ही त्यांची स्वतःची सोय होती, रेल्वेच्या कामाची ती गरज नव्हती. घर कुठे घ्यायचं हे आपण ठरवतो, म्हणून तिथून कामावर पोचणं आपल्या खर्चात.

पण याला एक सुंदर अपवाद आहे आणि तो मला फार आवडतो. वेल्समधल्या फिशगार्ड गावी ओवेन नावाचे डॉक्टर घरीच दवाखाना चालवायचे. शिवाय १५ मैलांवरच्या हॅव्हरफर्डवेस्टच्या रुग्णालयात त्यांची अर्धवेळ नेमणूक होती, तातडीच्या बाळंतपणांसाठी आणि भूल देण्यासाठी. रुग्णालयाचा फोन आला की ते घरूनच सूचना द्यायचे आणि गरज पडली तर गाडी काढून निघायचे. रुग्णालय त्यांना मैलाप्रमाणे भत्ता द्यायचं, पण १० मैलांपर्यंतच. उरलेले ५ मैल डॉक्टरांच्या खिशातून. कर खात्याचं म्हणणं पडलं की हा घर ते काम असाच प्रवास आहे, त्यामुळे भत्त्यावर कर लागेल आणि वरच्या ५ मैलांची वजावटही मिळणार नाही. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९६९ मध्ये निकाल डॉक्टरांच्या बाजूने लागला. रुग्णाची जबाबदारी फोन उचलला त्या क्षणी सुरू झाली होती. म्हणजे डॉक्टर कामावर जात नव्हते, ते आधीच कामावर होते आणि कामाच्या एका जागेवरून दुसऱ्या जागेवर चालले होते.

हीच कसोटी रोजच्या क्लेमला लावून बघा, निम्म्या शंका मिटतात. ऑफिसातून निघून ग्राहकाकडे गेलात आणि परत आलात, तर ते सगळे किलोमीटर तुमचे. सकाळी घरून थेट ग्राहकाकडे गेलात तर बरीच ऑफिसं फरकाचे किलोमीटर देतात. समजा घर ते ऑफिस १२ किलोमीटर आहे आणि घर ते ग्राहक ३०, तर १८ मिळतात, कारण १२ तर तुम्ही एरवीही आला असतात. मला हे न्याय्य वाटतं. सुट्टीच्या दिवशी ऑफिसने बोलावून बाहेरच्या कामाला पाठवलं, तर मात्र मी पूर्ण ३० चा आग्रह धरते. त्या दिवशी तुम्ही एरवी कुठेच गेला नसतात. वाटेत वळसा घालून मुलांना शाळेत सोडलं, तर तेवढा वळसा स्वतःहून वजा करा.

आता नोंदीबद्दल. यावर मी जरा जास्त बोलते, कारण क्लेम अडतात ते दरावरून नाही, नोंदीवरून.

माझ्यासमोर येणाऱ्या अडचणीच्या कागदावर साधारण असं असतं: 'कामानिमित्त शहरात फिरणे, ८० किमी'. खाली आणखी अशाच ओळी आणि शेजारी ६०, १००, ४०, ७०. सगळे आकडे शून्यावर संपतात. एकाच बैठकीत, एकाच पेनने, महिनाअखेरीला लिहिलेलं. लिहिणारा खोटारडा असतो असं मी मुळीच म्हणत नाही. उलट बऱ्याचदा तो आठवणीने कमीच लिहितो, कारण मधली एखादी फेरी विसरलेलाच असतो. पण गाडी खरोखर चालली की आकडा ४३ येतो, ६७ येतो. तपासणाऱ्याला गोल आकड्यांची रांग दिसली की तो थांबतो, आणि मग तुमची खरी फेरीही संशयात अडकते.

चांगली ओळ अशी असते: तारीख, ऑफिस ते अमुक ग्राहकाचं गोदाम आणि परत, मालाची तपासणी, निघताना रीडिंग ४१२३६, परत आल्यावर ४१२७९, एकूण ४३. बस. गाडी बंद करण्याआधी ओडोमीटरचा फोटो काढला तर तेवढंही लिहावं लागत नाही, फोटोला तारीख-वेळ आपोआप येते. फक्त कुणाकडे आणि कशासाठी गेलात हे त्याच दिवशी लिहा. किलोमीटर नकाशावरून नंतरही काढता येतात, जाण्याचं कारण मात्र तीन आठवड्यांनी कुणालाच आठवत नाही. भारतातल्या १९६२ च्या आयकर नियमांतही, कामासाठी वापरलेल्या गाडीचा ठरावीक रकमेपेक्षा जास्त खर्च करमुक्त धरायचा तर प्रवासाची तारीख, ठिकाण, किलोमीटर आणि खर्च यांची नोंद आणि वर नोकरी देणाऱ्या कंपनीचं प्रमाणपत्र, असंच मागितलं होतं. म्हणजे ही वही नुसती अकाउंट्सची हौस नाही. ती नसेल तर भत्ता पगारातच धरून त्यावर कर लागू शकतो.

टोल आणि पार्किंग किलोमीटरच्या दरात नसतं. ते वेगळं लिहा, पावती जोडा. वाहतुकीचा दंड लिहू नका, तो कुणीच देत नाही आणि देऊही नये.

"आमच्याकडे दरच फार कमी आहे" ही तक्रार खरी असते. ब्रिटनमध्ये यावर एक सोय आहे. समजा करमुक्त दर ४५ पेन्स असताना कंपनीने ३० च दिले, तर उरलेल्या १५ पेन्सवर कर्मचाऱ्याला करसवलत मागता येते. ते १५ पेन्स हातात मिळत नाहीत, त्यांच्यावरचा कर वाचतो. पण हे हजारोंना माहीतच नसतं आणि मागितल्याशिवाय मिळत नाही. जिथे अशी सोय नाही तिथे दर बदलून घेण्याचा एकच मार्ग मला माहीत आहे: वर्षभराची नीट ठेवलेली वही. इंधन, सर्व्हिसिंग, टायर, इन्शुरन्स आणि घसारा यांच्या बेरजेला एकूण किलोमीटरने भागा आणि तो आकडा साहेबांपुढे ठेवा. 'परवडत नाही' या शब्दांवर वाद घालता येतो, स्वतःच्या वहीतल्या भागाकारावर सहसा कुणी घालत नाही.

एक गोष्ट तुम्ही कुणी विचारत नाही, पण मला तिचीच सगळ्यात जास्त काळजी वाटते. इन्शुरन्स. पॉलिसीत गाडी कशासाठी वापरायची हे लिहिलेलं असतं. ब्रिटनमध्ये तर खाजगी वापर, कामावर ये-जा आणि व्यावसायिक वापर असे वेगवेगळे वर्ग असतात, आणि घर ते ऑफिस चालणारी पॉलिसी ग्राहकाकडच्या फेरीला चालेलच असं नाही. म्हणून पहिल्या फेरीच्या आधी इन्शुरन्स कंपनीला लेखी विचारा: मी पगारी कर्मचारी आहे, ही गाडी ऑफिसच्या कामासाठी मधूनमधून नेणार आहे, पॉलिसी लागू राहील का? उत्तर लेखीच घ्या आणि जपून ठेवा. वापर वाढवून घेण्यासाठी जादा हप्ता पडला, तर तो कोण भरणार हेही ऑफिसला तेव्हाच विचारा. सोबत कामाचा माल न्यायचा असेल किंवा सहकाऱ्याला बसवायचं असेल तर तेही त्याच पत्रात लिहा. आणि ऑफिसकडून तीन गोष्टी ईमेलवर घ्या: किलोमीटरचा दर, घरून थेट निघालो तर कुठून मोजायचं, आणि क्लेम किती तारखेपर्यंत द्यायचा. उत्तर आल्याशिवाय गाडी काढू नका. तोवर ऑफिसने टॅक्सी करून द्यावी, आणि हे सांगताना आवाज खाली घ्यायचं काहीही कारण नाही.