तुम्ही विचारलंत म्हणून: आवाज माणसासारखा हवा का?

फोनवर मराठीत बोलून टेबल किंवा डॉक्टरांची वेळ बुक करणारा बॉट बनवणारे एक प्रश्न हमखास विचारतात: आवाज हुबेहूब माणसासारखा केला, तर लोक विश्वास ठेवतील ना?

ठेवतील, आणि भीती त्याचीच आहे. 2016 साली अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी खोलीबाहेर धूर सोडून, आगीचा अलार्म वाजवून बघितलं. 26 पैकी 26 जण वाट दाखवणाऱ्या रोबोटच्या मागे गेले. त्यातल्या निम्म्यांनी काही मिनिटांपूर्वीच त्याला रस्ता चुकताना पाहिलं होतं! म्हणून विश्वास वाढवण्याआधी तो बॉटच्या कुवतीइतकाच राहील, हे बघावं लागतं. पहिल्याच वाक्यात सांगून टाका: ‘मी मशीन बोलतेय. वेळ ठरवून देऊ शकते, औषधांबद्दल सांगू शकत नाही.’

खरी कसोटी लागते ती ऐकलेलं परत वाचून दाखवताना. मराठीत ‘परवा’ मागचाही असतो आणि पुढचाही. ‘परवाचं बुकिंग बदलायचंय’ म्हटल्यावर वार आणि तारीख दोन्ही उच्चारून घ्या: ‘गुरुवार, 14 तारीख, बरोबर?’ सव्वा, साडे, पावणे, दीड, अडीच हे सगळं समजलंच पाहिजे. ‘पावणेआठ’मधलं नुसतं ‘आठ’ पकडलं, तर माणूस पंधरा मिनिटं उशिरा पोचतो. मोबाइल नंबर कोणी ‘नऊ आठ’ असा सांगतं, कोणी ‘अठ्ठ्याण्णव’ असा. दोन्ही घ्या, पण परत म्हणताना एकेक आकडाच म्हणा, कारण फोनवर एकोणसाठ आणि एकोणसत्तर सहज एकमेकांत मिसळतात. मात्र प्रत्येक गोष्टीला ‘बरोबर?’ नको, लोक वैतागतात. तारीख, वेळ, नंबर आणि पैसे एवढ्यालाच विचारा.

माणसांच्या गप्पांत एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी 200 मिलिसेकंद लागतात. बॉटने मात्र इतकी घाई केली, तर आजोबा श्वास घेतात तेवढ्यात तो मध्येच बोलतो. साध्या उत्तरानंतर 700-800 मिलिसेकंद आणि नंबर सांगत असतील तर दीड सेकंद थांबणं मला योग्य वाटतं. माहिती शोधायला वेळ लागत असेल तर ‘थांबा, बघते’ म्हणावं, पण खरंच शोधत असेल तेव्हाच. कीबोर्डचा खोटा आवाज घालू नका.

एकच गोष्ट दोनदा समजली नाही, तर फोन माणसाकडे द्या, तोवर घेतलेल्या माहितीसकट. सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं की उरलासुरला भरवसाही जातो.

आणि सुरू करण्यापूर्वी ही चाचणी घ्याच. ओळखीतल्या वीसएक जणांना फोन करायला सांगा आणि नंबर परत वाचताना बॉटला मुद्दाम एक आकडा चुकवू द्या. (नंतर त्यांना तसं सांगायला विसरू नका.) बहुतेक जण ‘हो, बरोबर’ म्हणून मोकळे झाले, तर वाचन फार सफाईदार आणि भरधाव होतंय. वेग कमी करा, तीन-तीन-चार आकड्यांनंतर थांबा आणि पुन्हा तपासा.