मांडीला पट्टा, वजन आठ किलो

एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतल्या लिगामेंटच्या (हाडं जोडणाऱ्या पट्टीच्या) ऑपरेशननंतर मांडी बघता बघता बारीक होते आणि नेमकं तेव्हाच गुडघ्याला जड वजन चालत नाही. म्हणून पाचव्या आठवड्यापासून पुढचे आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा, मी ब्लड फ्लो रिस्ट्रिक्शन केलं. मांडीच्या मुळाशी हवेचा पट्टा फुगवायचा आणि हलक्या वजनावर व्यायाम करायचा. धमनीतून रक्त थोडं आत येतं, शिरेतून परत जायला मात्र अडतं.

आधी चाळणी. पूर्वी शिरेत गुठळी झालेली, रक्तदाब आटोक्यात नाही, गर्भारपण किंवा सिकलसेल (तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) असेल तर पट्टा नको. विदर्भात सिकलसेल बराच आढळतो, तिथे तर मुद्दाम विचारावं. पोटरी सुजून दुखत असेल तर पहिल्यांदा डॉप्लर, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्तप्रवाहाची तपासणी.

खरी मेख दाबात आहे. घोट्याच्या आतल्या बाजूच्या नाडीवर डॉप्लर धरून पट्टा फुगवत न्यायचा. आवाज बंद होतो तो आकडा म्हणजे १०० टक्के. पायासाठी त्याचे साधारण ६० ते ८० टक्के. माझा आकडा आडवं झोपून १६५ (रक्तदाबासारखाच, मिमी पारा) आला, तर खुर्चीत बसून १८५. झोपून मोजलेल्याचे ८० टक्के म्हणजे १३२, पण बसल्यावर तेच ७१ टक्के भरतात. ज्या स्थितीत व्यायाम, त्याच स्थितीत मोजमाप. जिममधला इलॅस्टिकचा पट्टा मी घेतला नाही, कारण किती आवळलाय ते कळतच नाही. पट्टा अरुंद असेल तर दाबही जास्त लागतो.

व्यायाम लेग एक्स्टेंशनचा, म्हणजे मशीनवर बसून वजनासकट गुडघा सरळ करायचा, पण गुडघा ९० अंशांपासून ४५ पर्यंतच. त्यापुढे सरळ करताना नव्या लिगामेंटवर ताण येतो. चांगल्या पायाने एकदाच उचलता येईल ते वजन ४० किलो होतं, त्याचे २० टक्के म्हणजे ८ किलो. आधी ३० वेळा, मग १५-१५-१५, मध्ये तीस सेकंद. दोन सेकंदांत वर, दोन सेकंदांत खाली. विश्रांतीतही हवा सोडायची नाही. सगळं मिळून साडेसहा मिनिटं.

आठ किलोला हसू येतं, ते दुसऱ्या सेटपर्यंतच. ऑक्सिजन कमी पडल्याने सावकाश थकणारे तंतू लवकर दमतात आणि एरवी जड वजनालाच जागे होणारे तंतू कामाला लागतात. मांडी पेटते ती यामुळेच.

पाऊल लालसर-जांभळं दिसणं ठीक. पांढरं, गार पडलं किंवा बधिर झालं तर तिथल्या तिथे हवा सोडायची. एकदा पट्टा घसरून मांडीच्या मध्यावर आला आणि पायाला मुंग्या आल्या. तिसऱ्या सेटला अडकलो की दाब बसून मोजलेल्याच्या ६० टक्क्यांवर, म्हणजे १११ वर आणायचो. चौथा सेट सहज झाला तर वजन १०, मग १२ किलो. दाब वाढवायचा नाही. पट्ट्याखाली बारीक लाल ठिपके सुरुवातीला उठतात. अंग प्रचंड दुखून लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर मात्र थेट हॉस्पिटल.

टेप गुडघ्याच्या वाटीच्या वर दहा सेंटिमीटरवर, तीही व्यायामाआधीच लावायची. व्यायामानंतर लगेच मोजलं तर एक सेंटिमीटर जास्त भरायचं, ती नुसती सूज. दोन मांड्यांतला फरक तीनवरून दीड सेंटिमीटरवर आला. ताकद मात्र हलक्या वजनाने तेवढी परतत नाही, म्हणून तेराव्या आठवड्यापासून पट्टा काढून लेग प्रेसवर हळूहळू वजन चढवायला घेतलं.