सभासद नोंदवही संगणकावर नेताना

‘सभासद नोंदवही ऑनलाइन करावी’ असा एका ओळीचा ठराव करून आमच्या संस्थेची कार्यकारिणी मोकळी झाली आणि काम माझ्याकडे आलं. गरज 2020 मधलीच होती. साथीमुळे सर्वसाधारण सभा पडद्यावर घ्यावी लागली. नियमावलीत ‘उपस्थित सभासद’ एवढाच शब्द, त्यामुळे पडद्यावरचा माणूस गणपूर्तीत धरायचा की नाही यावरच वाद झाला. तो कसाबसा मिटला, तर मताचा अधिकार कुणाला याची खात्रीची यादीच कुणाकडे नव्हती.

याद्या म्हणजे तीन होत्या: खजिनदारांची पावतीपुस्तकं, चिटणीसांची एक्सेल फाइल आणि पत्रकं पाठवण्याच्या पत्त्यांचं रजिस्टर. एकच माणूस एकीकडे पूर्ण नावाने, दुसरीकडे आद्याक्षरांनी. सगळ्या लिप्यांसाठी संगणकाची एकच प्रमाण अक्षरपद्धत असलेल्या युनिकोडची पहिली आवृत्ती 1991 ची, पण आमच्याकडे त्यानंतरही बरीच वर्षं जुन्या फॉन्टात टायपिंग चाललं होतं. ती नावं रूपांतरित केली की जोडाक्षरं फुटायची, म्हणून प्रत्येक नाव डोळ्यांनी तपासावं लागलं. शिवाय काही नवरा-बायकोंचा ई-मेल एकच, आणि नवी प्रणाली एका ई-मेलवर एकच सभासद मानणारी.

सॉफ्टवेअर निवडणं त्यामानाने सोपं गेलं. स्वयंसेवी संस्थांसाठीच बनवलेलं, 2005 पासूनचं मुक्तस्रोत सिव्हीसीआरएम हे सभासदांच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर पाहिलं. फुकट आहे, पण सर्व्हर आणि अपडेट सांभाळणारा माणूस लागतो, तो आमच्याकडे नव्हता. शेवटी पैसे देऊनच एक प्रणाली घेतली. अट एवढीच, की सगळा डेटा हवा तेव्हा सीएसव्ही, म्हणजे कुठल्याही प्रणालीत नेता येणाऱ्या साध्या तक्त्याच्या, फाइलमध्ये बाहेर काढता आला पाहिजे.

खरी अडचण एका रकान्याने केली: ‘सभासदत्व समाप्तीची तारीख’. तो रिकामा ठेवताच येईना. आमचा नियम म्हणत होता, वर्गणी थकल्यास सभासदत्व रद्द होऊ ‘शकते’. कधी, कोण करणार, याचा पत्ता नाही. माणसांनी वर्षानुवर्षं भिडेखातर चालवून घेतलेली ही संदिग्धता संगणकाला चालेना. मग नियम बदलायचा ठरवला, तर त्या दुरुस्तीवर मत कोण देणार? पुन्हा तोच प्रश्न! अखेर चालू वर्षाची पावती असेल त्याने मत द्यावं, असं सभेनेच मान्य केलं.

जुनी मंडळी तंत्रज्ञानाला विरोध करतात हे मी बरंच ऐकलं होतं. आमच्या खजिनदारांचाही ‘नाही’च होता, पण त्यांनी विचारलं, “पावतीपुस्तकात कार्बन प्रत राहते. इथे आकडा कुणी, कधी बदलला ते दिसेल का?” इतका नेमका प्रश्न विक्रेत्याला आमच्यापैकी दुसऱ्या कुणीच विचारला नव्हता. बदलांची नोंद ठेवणारी सोय आम्ही त्यांच्यामुळे मागून घेतली आणि त्यानंतर त्यांनी स्वतःच नोंदी भरायला घेतल्या.

संकेतस्थळाचं डोमेन, म्हणजे त्याचा इंटरनेटवरचा पत्ता, एका माजी पदाधिकाऱ्याच्या खासगी ई-मेलवर नोंदवलेलं निघालं. ते संस्थेच्या नावावर आणलं. आता चाव्या, म्हणजे पासवर्ड, दोघांकडे असतात, दुहेरी पडताळणीसह (नुसत्या पासवर्डवर प्रवेश नाही), आणि निवडणुकीनंतरच्या पहिल्या बैठकीत ‘पासवर्ड हस्तांतर’ हा विषय असतो. सभासदांचे फोन नंबर सूचीत छापायचे तर आता आधी संमती घेतो. काहींनी नाही म्हटलं, त्यांचे वगळले.

पत्रक ई-मेलने, एसएमएसने की पोस्टाने हवं, हेही प्रत्येकाला विचारलं. पोस्ट निवडणारे थोडेथोडके नाहीत. त्यांच्या पाकिटांवरचे पत्ते आता याच यादीतून छापून निघतात.