ठासणीची रायफल, किटमधून (नोंद चौथी): काजळ आणि कानस

मागच्या वेळी नळी दस्त्यात बसली, एवढ्यावर थांबलो होतो. त्यानंतरचे पाच शनिवार-रविवार एकट्या पितळी बटप्लेटने, म्हणजे दस्त्याच्या खांद्याला टेकणाऱ्या टोकावरच्या पत्र्याने, खाल्ले.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात: ही लँकेस्टर पद्धतीची चकमकीची रायफल. ४२ इंची अष्टकोनी नळी, .४५ बोअर (नळीचा आतला व्यास, इंचात), लहरदार मेपलचा दस्ता. जग हिला केंटकी रायफल म्हणतं. घडली मात्र इथे पेनसिल्व्हेनियात, अठराव्या शतकात, जर्मन आणि स्विस कारागिरांच्या हातून. लँडिस व्हॅलीच्या संग्रहालयात जुन्या रायफली पाहिल्या आणि हे खूळ लागलं. कोकणात शेती संरक्षणाच्या परवान्यावरच्या ठासणीच्या बंदुका लहानपणी पाहिल्या होत्या, पण त्या केप (टोला बसला की पेटणारी छोटी टोपी) लावायच्या, चकमक नाही. (भारतातून वाचणाऱ्यांनो, तिथे ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो, तेव्हा नुसतं वाचा. इथे १९६८ च्या केंद्रीय कायद्यात ही ‘अँटिक’मध्ये मोडते. तरी आपापल्या राज्याचे नियम बघून घ्या.)

‘किट’ या शब्दावर जाऊ नका. हल्ली यंत्रावर नेमके कापलेले किट मिळतात, त्यांचे भाग जवळजवळ आपोआप बसतात. माझं जुन्या वळणाचं: दस्ता ओबडधोबड, खोबणी मुद्दाम लहान ठेवलेल्या. कमी पैसे दिले, ते आता घाम गाळून फेडतोय.

तर बटप्लेट. वाळूच्या साच्यातलं ओतीव पितळ, पाठीला खडबडीत, आणि बाक दोन दिशांना. लाकूड त्याच बाकाचं कापायचं, तेही कागद शिरणार नाही इतकं. यासाठी बाजारात काळी पेस्ट मिळते, पण मी पणती लावतो. तिळाचं तेल, कापसाची वात, ज्योतीवर पितळ धरायचं, काजळी साठली की लाकडावर दाबून मोगरीने हलकेच एक टोला. उचललं की जिथे टेकतंय तिथे काळा ठिपका. तेवढाच खरवडायचा, पुन्हा काजळी, पुन्हा टोला. व्हिडिओ कॉलवर आईने हा प्रकार पाहिला आणि विचारलं, “कुणाच्या बाळासाठी काजळ धरतोयस?”

पहिल्या दिवशी तीनच ठिपके उमटले. आठवड्याभराने वीसेक. मग माझा संयम सुटला आणि टाचेकडचं लाकूड ‘जरा सरळ करून घेऊ’ म्हणून पटाशी फिरवली. पोस्टकार्ड जाईल एवढी फट पडली. फट भरायची नसते. अख्खी प्लेटच पुढे सरकवावी लागते, म्हणजे बाकी सगळीकडचं लाकूड पुन्हा उतरवायचं. त्यात चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचं अंतर पावणेचौदा इंचांवरून साडेतेरावर आलं. माझ्या हातांना चालेल. एखाद्या उंच माणसासाठी बनवत असतो तर दस्ता वायाच गेला असता.

आता बसली आहे. शेवटच्या काजळीला सबंध टोकावर मोहरी सांडल्यासारखे ठिपके उठले, तेव्हा बायकोला गॅरेजमध्ये बोलावून दाखवलं. ती म्हणाली, “छान. पणती माझी होती ना ती?”

नळी धरणाऱ्या तीन पिनांपैकी दोन सरळ गेल्या. तिसरीचं ड्रिल लाकडात भरकटलं आणि पलीकडे दोन मिलिमीटर खाली बाहेर पडलं. मेपलचीच काडी, शीर जुळवून, सरसाने भरली आणि दोन्ही बाजूंनी निम्मं निम्मं भोक पाडलं. डाग दिसतो, रंग चढल्यावर लपेल अशी आशा. नळीखालच्या कड्यांची भोकं कानशीने लांबट करायला विसरू नका. हवेप्रमाणे लाकूड हलतं, नळी हलत नाही, आणि मग पिना वाकतात.

लॉकची, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेची, चाचणी रात्री, दिवा मालवून, बंदुकीत दारू न भरता. चामड्याच्या चिंधीत गारगोटी धरली, घोडा ओढला, चाप दाबला. दोन मरतुकड्या ठिणग्या. गारगोटी उलटी केली, उतार खाली आला, आणि पुढच्या टोल्याला ठिणग्यांचा झुपका थेट रंजकेच्या (बार पेटवणाऱ्या चिमूटभर दारूच्या) वाटीत पडला. त्यानंतर उगाचच पंधरा वेळा घोडा ओढला.

उरलाय तो कान. मराठ्यांच्या इतिहासात तोफांच्या कानात खिळे ठोकल्याचं वाचतो, तोच हा: वाटीतून नळीत आग नेणारं भोक. फार खाली गेला तर रंजक त्यात गच्च बसते आणि वातीसारखी जळत जाते, बार रेंगाळतो. फार मागे गेला तर ब्रीचप्लगमध्येच, म्हणजे नळीचं मागचं टोक बंद करणाऱ्या बुचातच, घुसायचा. लाकडासारखी इथे काडी भरता येत नाही. वाटीच्या वरच्या काठाच्या रेषेत नळीवर पंचने टिंब मारून ठेवलंय. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा तिथेच आलं, तरी ड्रिल लावायचा धीर होत नाही. शनिवारी शेजारचे आजोबा नळी धरायला येणार आहेत.