कायमच्या पत्त्याचा रकाना

विशेष विवाह कायद्याखालच्या नोंदणी लग्नाची नोटीस अशिलांसाठी मी इतक्या वेळा भरलीय की रकाने पाठ झालेत. गेल्या पावसाळ्यात मात्र एका रकान्यापाशी पेन अडलं.

पाचगणीच्या एका हॉटेलात काम करणारं जोडपं. तो किचनमध्ये, ती रिसेप्शनला. दोघं मणिपूरचे, तो मैतेई, ती कुकी. आमच्याकडे पळून आलेली पोरं येतात ती माणची नाहीतर कोरेगावची, आणि मागोमाग बोलेरो भरून भावकी. यांच्यामागं कुणी नव्हतं. सोपं काम, असं वाटलं.

आधार कार्डं बघितली. त्याचा पत्ता चुराचांदपूरचा, तिचा इंफाळचा. "म्हणजे तू डोंगरातला आणि ही खोऱ्यातली," मी आपली अक्कल पाजळली. दोघं एकमेकांकडं बघून हसले. समाजाच्या हिशेबानं होतं नेमकं उलटं; मैतेई खोऱ्यातले, कुकी डोंगरातले. चुराचांदपूर कुकींचं, तिथं याच्या वडिलांचं दुकान. इंफाळ मैतेईंचं, तिथं हिचं घर. ३ मे २०२३ ला या दोन समाजांत भडका उडाला आणि दोन्ही जळालं. त्याचे आईवडील बिष्णुपूरकडच्या छावणीत, तिचे कांगपोकपीला. मधे जवानांचा पहारा. इंफाळ ते चुराचांदपूर म्हणजे साताऱ्याहून कराडला जायचं त्याहून थोडं जास्त अंतर, पण ना हा स्वतःच्या घराकडं फिरकू शकत, ना ती.

आणि कायद्याचं कलम ६ सांगतं, पक्षकाराचं कायमचं राहणं दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर नोटिशीची प्रत तिकडं पाठवायची आणि तिथल्या कार्यालयातही लावायची. नाव, वय, धंदा, पत्ता, सगळं.

"वहाँ भी चिपकाएँगे?" तिनं विचारलं. तो खाली मान घालून छत्रीचं बटण दाबत बसला होता.

इथल्याच बोर्डावरच्या नोटिशीचे फोटो काढून नेणारे मामे-चुलते मी पाहिलेत. जात-धर्म हे हरकतीचं कारण होऊच शकत नाही, हे त्यांना कोण सांगणार! तिकडं तर बंदुका निघालेल्या.

दुसऱ्या दिवशी विवाह नोंदणीच्या खिडकीवर कारकून भाऊसाहेब म्हणाले, "वकीलसाहेब, आधारवर पत्ता ढळढळीत दिसतोय की. टाका तोच."

मी नमुना त्यांच्यापुढं सरकवला. सध्याचं राहण्याचं ठिकाण कायमचं नसेल, तरच कायमचं ठिकाण लिहायचं. सगळी भिस्त त्या 'नसेल'वर. पाचगणीतल्या खोलीचे तीन वर्षांचे भाडेकरार, पगाराच्या स्लिपा, वर प्रतिज्ञापत्र: परत जायला घर नाही, राहणार इथंच.

"घर नाही म्हणजे?"

पोरानं मोबाइल पुढं केला. दुमडलेले पत्रे, काळ्या भिंती, कोपऱ्यात वितळून बसलेली पाण्याची टाकी. भाऊसाहेबांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. "टाकी हजार लिटरची दिसतीय," एवढंच म्हणाले आणि कागद विवाह अधिकारी साहेबांकडं घेऊन गेले. साहेबांनी तासभर बसवलं, चार प्रश्न विचारले आणि मान्य केलं. मी त्या रकान्यात दोन आडव्या रेघा मारल्या.

पुढचे हरकतीचे तीस दिवस कोर्टातून येता-जाता बोर्डापाशी रेंगाळायची सवय लागली. हरकत आली नाही.

साक्षीदार तीन लागतात. घरमालकीणबाई, हॉटेलचा आचारी आणि माझा कारकून. सह्या झाल्या. मालकीणबाईंनी पिशवीतून हार काढले. हार घालून दोघं उभे राहिले, तसा मी सवयीनं मोबाइल काढला. अशिलांच्या लग्नाचे फोटो स्टेटसला टाकतो मी.

"सर, स्टेटस नहीं," ती हळूच म्हणाली.

मी मोबाइल खिशात ठेवला.