शेंगेनच्या दिवसांचा हिशेब
लेकीकडे म्युनिकला पुन्हा जायचे ठरल्यामुळे आज पासपोर्ट, कॅलेंडर आणि पेन्सिल घेऊन बसलो. १० मार्च ते ८ मे या पहिल्या मुक्कामाचे मी ५९ दिवस धरले होते. परंतु प्रवेशाचा आणि परतीचा असे दोन्ही दिवस मोजावे लागत असल्याने ते ६० निघाले. मधले प्रागचे चार दिवसही वगळता येत नाहीत, कारण जर्मनी, चेकियासह बहुतेक युरोपीय देशांचे मिळून बनलेले शेंगेन क्षेत्र व्हिसासाठी एकच मानले जाते. व्हिसावर ९० दिवस लिहिलेले असले, तरी मुक्कामाच्या प्रत्येक दिवसापासून मागे १८० दिवस मोजून ते त्यात बसवावे लागतात, आणि ही चौकट रोज एक दिवस पुढे सरकते. म्हणजे २० ऑगस्टला पोहोचलो, तर ६ सप्टेंबरपासून मार्चमधला एकेक दिवस हिशेबातून गळू लागेल. (लेकीने हेच गणित संगणकावर दोन मिनिटांत केले, माझी सकाळ गेली.)