सामाजिक सिद्धांत घरी शिकायचाय? आधी दुर्खीमचं प्रकरण उघडून बघा

मार्क्स, वेबर, दुर्खीम ही नावं कानावर आहेत, पण कॉलेजात समाजशास्त्र नव्हतं आणि आता वर्गात बसणं शक्य नाही. अशा माणसाने छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातल्या एखाद्या दुकानात विचारलं, तर समोर येतात बी.ए.ची क्रमिक पुस्तकं किंवा सेट-नेटची गाईडं. अनुक्रमणिका बघून त्यांतलं चांगलं कोणतं हे कळत नाही, कारण प्रकरणं सगळीकडे तीच असतात. म्हणून दुकानातच पाच मिनिटं उभं राहून एक चाचणी करा.

दुर्खीमचं प्रकरण काढा आणि त्यात आत्महत्येवरचा भाग शोधा. मूळ ग्रंथ १८९७चा. आत्महत्येचे चार प्रकार, प्रत्येकाची दोन ओळींची व्याख्या आणि लगेच पुढचा मुद्दा, असं असेल तर पुस्तक जागेवर ठेवा. दुर्खीमला पडलेलं कोडं चांगलं पुस्तक आधी सांगतं: प्रॉटेस्टंट प्रदेशांत आत्महत्येचा दर कॅथलिक प्रदेशांपेक्षा जास्त का, आणि माणसं बदलली तरी एकेका समाजाचा दर वर्षानुवर्षं फारसा का हलत नाही. मग वेड, वंश, हवामान, अनुकरण ही तेव्हा दिली जाणारी कारणं त्याने कशी बाद केली, तेही सांगतं. आणखी एक खूण आहे. चौथा, म्हणजे दैववादी (नियमांच्या जाचातून होणारी आत्महत्या) प्रकार दुर्खीमने एका तळटीपेत उरकला आहे. गाईड त्याला बाकी तिघांएवढीच जागा देत असेल, तर लेखकाने मूळ ग्रंथ उघडला नसावा.

मराठवाड्यात या प्रकरणावर एक चूक हमखास होते. शेतकरी आत्महत्येची बातमी वाचायची आणि त्या माणसावर 'प्रमाणकशून्य आत्महत्या', म्हणजे समाजाचे नियम ढिले पडल्याने झालेली आत्महत्या, असं लेबल लावायचं. दुर्खीम एका माणसाचं कारण शोधत नव्हता, त्याला दर समजून घ्यायचा होता. बीडचा दर आणि कोकणातला दर वेगळा का, हा त्याच्या जातीचा प्रश्न. त्यापुढचा प्रश्न दुर्खीमवरच्या टीकेतून येतो: हा आकडा तयार कसा होतो? आपल्याकडे मदतीसाठी आत्महत्या 'पात्र' की 'अपात्र' हे समिती ठरवते. मग आपण कोणता आकडा मोजतोय, एकूण की फक्त पात्र? या प्रश्नापर्यंत नेणारं पुस्तक भेटलं तर किंमत बघू नका.

पैसे न घालता सुरुवात करायची असेल तर बालभारतीचं अकरावीचं समाजशास्त्र घ्या. मराठीत आहे, पीडीएफ फुकट मिळते. शाळेचं पुस्तक म्हणून नाक मुरडू नका, मराठी संज्ञा तिथेच पक्क्या होतात. त्यानंतर एनसीईआरटीचं अकरावीचं दुसरं पुस्तक, हिंदीत किंवा इंग्रजीत. त्यात तिघा पाश्चात्त्यांवर एक प्रकरण आहे आणि भारतीयांवर एक: घुर्ये, डी. पी. मुखर्जी, ए. आर. देसाई, श्रीनिवास. फुले आणि आंबेडकर या यादीत नाहीत, हे लक्षात असू द्या. मग इग्नूचं पदवीचं साहित्य, तेही इंटरनेटवर मोफत आहे. ते जरा रटाळ आहे, पण युक्तिवाद पायरीपायरीने मांडतं. तासाला आठ-दहा पानांपेक्षा जास्त वेग पकडला, तर समजा की नुसते डोळे फिरताहेत.

हिंदीतून वाचताना शब्द फसवतात. हिंदी पुस्तकात वेबरच्या अथॉरिटीला (लोकांनी रास्त मानलेली हुकमत) 'सत्ता' म्हणतात आणि पॉवरला 'शक्ति'. मराठीत सत्ता म्हणजे पॉवर, आणि अथॉरिटीसाठी 'अधिसत्ता' किंवा 'अधिकार'. त्यामुळे वाक्याचा अर्थ पार उलटा लागतो. ॲनोमीला, म्हणजे दुर्खीमच्या प्रमाणकशून्यतेला, काही हिंदी पुस्तकांत 'विसंगति' असतं, आणि आपण ते मराठी विसंगती समजून पुढे जातो. वेबरच्या 'आदर्श प्रारूपा'तला आदर्श म्हणजे अनुकरणीय नव्हे. ती मुद्दाम एकांगी, टोकदार केलेली मोजपट्टी आहे. वहीच्या शेवटच्या चार पानांवर मराठी, हिंदी आणि इंग्रजी उच्चार असे तीन रकाने आखून ठेवा.

मूळ लेखन कुठून सुरू करायचं? मार्क्सच्या 'भांडवल'च्या पहिल्या प्रकरणापासून तर नकोच. क्रयवस्तूवरचं (विकण्यासाठी बनवलेल्या वस्तूवरचं) ते विवेचन इतकं अवघड आहे की बहुतेकांची वाचनयात्रा तिथेच संपते. आमचं मत विचाराल तर आंबेडकरांचा १९१६चा कोलंबिया विद्यापीठातला जातींवरचा निबंध घ्या. विसेक पानांचा आहे, महाराष्ट्र शासनाच्या इंग्रजी ग्रंथमालेच्या पहिल्या खंडात आहे, मराठी अनुवादही मिळतात. १४ जानेवारीला नामविस्तार दिनी मराठवाडा विद्यापीठाच्या गेटजवळ पुस्तकांचे स्टॉल लागतात, तिथे विचारा. सेनार, नेसफील्ड, रिझ्ले हे पाश्चात्त्य अभ्यासक आणि आपले ज्ञानकोशकार केतकर यांच्या व्याख्या आंबेडकर आधी मांडतात, प्रत्येकीत काय कमी पडतं ते दाखवतात, आणि जातीचं मूळ लक्षण म्हणून जातीअंतर्गत विवाहावर बोट ठेवतात. सिद्धांत कसा उभा राहतो हे इतक्या थोड्या पानांत दुसरीकडे क्वचितच दिसेल.

वाचलेलं खरंच कळलंय का, हे तपासायला दिवाळीच्या आसपास गाव सोडणारी ऊसतोडीची टोळी घ्या. मार्क्सच्या मते मजूर दुहेरी अर्थाने 'मुक्त' असतो: आपली श्रमशक्ती विकायला मोकळा, आणि उत्पादनाच्या साधनांपासूनही मोकळा, म्हणजे हाती काही नसलेला. मुकादमाकडून उचल घेतलेलं जोडपं पहिल्या अर्थाने मुक्त आहे का? उचल फिटेपर्यंत नाही. मग याला भांडवली मजुरी म्हणायचं की आणखी काही? एक पान लिहा. दुसऱ्या पानावर मुकादमाची अधिसत्ता. ती भावकीतून येते, हिशोबाच्या वहीतून, की धाकातून? ती वेबरच्या तीन प्रकारांपैकी (परंपरेची, करिष्म्याची, कायद्याची) एकातही नीट बसणार नाही, आणि तसं झालं तर तुमचं चुकलं असं नाही. प्रारूप वापरायचंच असतं ते कुठे बसत नाही हे बघायला.

तिसऱ्या पानावर कोयता. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, उचल मात्र बहुधा नवऱ्याच्या हाती पडते. त्या अर्ध्या कोयत्याचे श्रम कोणत्या रकान्यात मांडायचे, यावर वरच्या तिघांकडून फारशी मदत होत नाही. तिथे ताराबाई शिंदे यांची १८८२ची 'स्त्रीपुरुष तुलना' काढा, आणि मग स्त्रीवादी समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे.